निकाहनाम्याचे इंग्रजी

माझ्या भाचीची फाइल आमच्या घरी दोनदा आली. पहिल्यांदा निकाहनंतर महिनाभरात आणि दुसऱ्यांदा मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या मुलाखतीच्या दहा दिवस आधी. जावई आमच्याच तालुक्यातल्या घरातला, पण अमेरिकेचा नागरिक. त्याने बायकोसाठी आय-१३० नावाचा अर्ज करायचा, तो मंजूर झाला की पुढची कागदपत्रे द्यायची आणि शेवटी मुलीने एकटीने मुलाखतीला जायचे, असा तो रस्ता. मुलाखत पार पडली की कायम वास्तव्याचा व्हिसा. आपण सगळे त्याला 'ग्रीन कार्ड' म्हणतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस. मोहल्ल्यात कुणाचा उर्दू कागद इंग्रजीत हवा असला की तो माझ्याकडे येतो. अमेरिकेचा नियम सरळ आहे: परभाषेतल्या कागदाचे पूर्ण इंग्रजी भाषांतर हवे, आणि ते पूर्ण व अचूक आहे, दोन्ही भाषा आपल्याला येतात, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे. एका पानाचा निकाहनामा, त्यात अवघड ते काय, असे लोकांना वाटते. मलाही वाटत असे.

पूर्वी एकदा मी चूक केली आहे, ती आधी सांगतो. निकाहनाम्यात मेहरच्या रकमेपुढे 'मुअज्जल' असा शब्द असतो. मराठीत लिहिला की तो एकच दिसतो. उर्दूत मात्र ते दोन शब्द आहेत. एक 'ऐन' अक्षराने लिहितात. त्याचा अर्थ लगेच द्यायचा मेहर. दुसरा 'हमजा'ने लिहितात. त्याचा अर्थ पुढे द्यायचा, म्हणजे उधार मेहर. एका अक्षराचा फरक. घाईने लिहिलेल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर मी एकाचे दुसरे वाचले आणि इंग्रजीत लिहून दिले की मेहर त्याच वेळी द्यायचा ठरला. मुलीच्या वडिलांनी ते वाचून घेतले आणि शांतपणे म्हणाले, "सर, मेहर अजून यायचाय." मी सही करून बसलो होतो. तो कागद फाडून दुसरा केला. पण ते वाचून न घेताच गेले असते, तर त्या मुलीचा हक्क माझ्या सहीने, परक्या देशाच्या दप्तरात मिळाला म्हणून नोंदला गेला असता. तेव्हापासून मी झेरॉक्सवरून भाषांतर करत नाही. मूळ कागद आणा म्हणतो.

दुसरा शब्द 'वकील'. निकाहनाम्यातला वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. तो मुलीची संमती घेऊन ती मजलिसमध्ये सांगणारा तिचा प्रतिनिधी. बहुतेक वेळा चाचा किंवा मामू. मोबाइलमधले भाषांतर त्याचा 'लॉयर' करून टाकते. मग अधिकारी विचारतो, लग्नात लॉयर कशाला होता? प्रश्न त्याच्या जागी बरोबरच.

भाचीच्या कागदात तिसरीच गोष्ट निघाली. निकाह शुक्रवारी इशाच्या नमाजनंतर झाला. इस्लामी दिवस मगरिबला बदलतो. त्यामुळे हिजरी तारीख शनिवारची लिहिली गेली आणि ती बरोबर होती. पण लिहिणाऱ्याने कॅलेंडरात त्या हिजरी तारखेसमोर जी इंग्रजी तारीख दिसली तीच शेजारच्या रकान्यात उतरवली. नगरपालिकेच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर मात्र शुक्रवार. लग्नपत्रिकेवरही शुक्रवार. एका निकाहच्या दोन तारखा.

आपा म्हणाली, "इंग्रजीत तू शुक्रवारच लिही ना." मी म्हणालो, तसे करता येत नाही. भाषांतरकाराचे काम कागदात आहे ते सांगणे. कागद सुधारणे नव्हे. आम्ही जमातीच्या दफ्तरात गेलो, रजिस्टर काढले. काझीसाहेबांनी लेटरहेडवर लिहून दिले की निकाह अमुक शुक्रवारी रात्री झाला, हिजरी तारीख सूर्यास्तानंतर बदलते म्हणून पुढची पडली, इंग्रजी तारीख चुकून तिच्याप्रमाणे लिहिली गेली. सही, शिक्का. त्याचेही भाषांतर जोडले.

या धावपळीत भाची एकदा वैतागून म्हणाली, "मामू, माझा निकाह मला माहीत, अल्लाहला माहीत, सगळ्या गावाने बिर्याणी खाल्ली. यांना आणखी काय पाहिजे?" मी तेव्हा हसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला. परक्या माणसाने आपल्या बायकोला बायको म्हणून सिद्ध करायचे, हा रिवाज कुठून आला? वाचत गेलो तसे लक्षात आले की या फाइलमधल्या जवळजवळ प्रत्येक मागणीमागे कधीकाळच्या कुणावरचा तरी संशय आहे.

अमेरिकेत ही सुरुवात चिनी बायकांपासून होते. १८७५ च्या पेज कायद्याने 'अनैतिक कामासाठी' आणल्या जाणाऱ्या आशियाई बायकांना बंदी घातली. कायदा शब्दशः सगळ्या बायकांविरुद्ध नव्हता. पण हाँगकाँगच्या अमेरिकन वकिलातीत चिनी बाईची चौकशी व्हायची ती, ती वेश्या नाही हे तिने सिद्ध करावे अशा रीतीने. १८८२ मध्ये चिनी मजुरांनाच बंदी झाली आणि मजुराची बायको मजुरातच धरली गेली. व्यापाऱ्याच्या बायकोला मात्र वाट उरली. मग ही बाई खरोखरच त्या व्यापाऱ्याची बायको आहे का, हा प्रश्न सरकारी कामाचा झाला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल बेट आहे. १९१० ते १९४० या काळात तिथल्या ठाण्यात आलेल्या चिनी माणसांना थांबवून ठेवत आणि प्रश्न विचारत. घराला पायऱ्या किती? विहीर कुठल्या बाजूला? शेजारच्या घरात कोण राहते? मग तेच प्रश्न नवऱ्याला, बापाला, भावाला वेगळे बसवून. उत्तरे जुळली नाहीत तर परत. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मनोंदणीची दप्तरे जळाली होती; त्याचा फायदा घेऊन काही लोक कागदोपत्री दुसऱ्याचे मुलगे बनून येत, हेही खरे. ते उत्तरांच्या वह्या पाठ करत. गंमत अशी की पाठ केलेला माणूस सुटे आणि खरा मुलगा घराच्या पायऱ्या विसरल्यामुळे अडके.

आज मुलाखतीत वलीम्याला काय होते, दिराचे नाव काय, स्थळ कुणी आणले, असे विचारतात. अमेरिकेतच मुलाखत असेल आणि अधिकाऱ्याला शंका आली, तर नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच प्रश्न विचारतात. अशा चौकशीत जोडप्याचे काय हक्क, हे न्यूयॉर्कमधल्या १९७० च्या दशकातल्या एका खटल्यातून ठरले, म्हणून तिला आजही 'स्टोक्स मुलाखत' म्हणतात. पायऱ्या मोजण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी.

चिन्यांनंतर जपानी आणि कोरियन मुलींची पाळी आली. नवरा अमेरिकेत किंवा हवाईत मजुरीला. त्याने फोटो पाठवायचा, घरच्यांनी मुलगी पाहायची, तिचा फोटो तिकडे जायचा. जपानमध्ये कुटुंबाच्या नोंदवहीत नाव चढले की लग्न झाले. नवरा हजर असायची गरज नसे. या 'फोटो-नवऱ्या' जहाजातून उतरत, तेव्हा नवऱ्याला पहिल्यांदा बघत. सुरुवातीच्या काळात अमेरिकन अधिकारी त्यांचे लग्न मानत नसत. बंदरातच पुन्हा लग्न लावले जाई. ओरड इतकी वाढली की १९२० मध्ये जपाननेच अशा नवऱ्यांना पासपोर्ट देणे थांबवले. १९२४ च्या अमेरिकन कायद्यात तर व्याख्येतच लिहिले गेले की प्रतिनिधीमार्फत किंवा फोटोवर झालेल्या लग्नातली बायको ही बायको नव्हे.

हे वाक्य मेले नाही. १९५२ च्या कायद्यात ते रूप बदलून आले आणि आजही आहे: लग्नाच्या विधीच्या वेळी दोघे एकमेकांसमोर हजर नसतील तर, त्यानंतर त्यांचा प्रत्यक्ष सहवास झाल्याशिवाय, ते लग्न धरले जाणार नाही. आपल्याकडे फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर निकाह लावून मुलीला लगेच अर्ज करायला सांगणारे महाभाग आहेत. शरियतच्या दृष्टीने तो निकाह वैध की नाही, यावर उलेमा बोलतील. पण तो कागद अमेरिकेच्या खिडकीवर ठेवला की समोरून बोलते ते शंभर वर्षांपूर्वीच्या जपानी मुलींवरचे अविश्वासाचे वाक्य. निकाहनंतर नवरा येऊन भेटला, दोघे एकत्र राहिले, याचा पुरावा मग महत्त्वाचा होतो.

आणि फोन नसला तरी आपल्या निकाहची रीत लक्षात घ्या. नवरा मर्दान्यात, नवरी जनान्यात. वकील आणि दोन गवाह आत जाऊन संमती घेऊन येतात, मग बाहेर खुत्बा होतो. दोघे एकाच हॉलमध्ये असतात, पण मध्ये पडदा असतो. फोटोत नवरा पन्नास पुरुषांत बसलेला, नवरी पन्नास बायकांत. फाइल बनवणाऱ्याला दोघांचा एकत्र फोटो पाहिजे.

या सगळ्यात हिंदी माणूस कुठे होता? अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना जवळजवळ दार लावले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही असे ठरवले. बायको गावाकडून आणायची सोयच राहिली नाही. कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्ने केली. बंगाली मुसलमान खलाशी आणि फेरीवाले न्यूयॉर्क, न्यू ऑर्लीन्समध्ये काळ्या आणि पोर्टो रिकन घरांत मिसळून गेले. १९४६ मध्ये वर्षाला १०० माणसांचा कोटा मिळाला. खरा रस्ता उघडला तो १९६५ च्या कायद्याने. आज माझा जावई तिथला नागरिक आहे तो त्याच रस्त्याने गेलेल्या घरामुळे.

पण कोकणातला मुसलमान त्याआधीच दुसऱ्या समुद्राने गेला होता. रत्नागिरी जिल्ह्यातली कितीतरी घरे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केपटाऊनला जाऊन राहिली. पुरुष तिकडे, बायका-मुले गावी, अधूनमधून ये-जा. आणि निकाहचा प्रश्न सगळ्यात उघडपणे कोर्टात गेला तो तिथेच, दक्षिण आफ्रिकेत.

हसन इसप नावाच्या हिंदी मुसलमानाने बाई मरियम हिच्याशी हिंदुस्थानात निकाह केला होता. ती नवऱ्याकडे आली तेव्हा तिला उतरू दिले नाही. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात एकाहून अधिक बायकांची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न इथल्या कायद्याने लग्न नव्हे, म्हणून ही बाई आप्रवासन कायद्याच्या अर्थाने बायको नव्हे. याचे मूळ इंग्लंडच्या १८६६ मधल्या 'हाइड विरुद्ध हाइड' या खटल्यात होते, आणि तो खटला मुसलमानांचा नव्हता, मॉर्मन पंथाच्या लग्नाचा होता. एका देशात एका पंथावर केलेली व्याख्या दुसऱ्या खंडात बाई मरियमला लागू झाली.

फटका फक्त मुसलमानांना नव्हता. हिंदू, पारशी, सगळ्यांच्या बायका एका निकालाने कायद्यापुरत्या बायका उरल्या नाहीत. मुलांचा वारसा धोक्यात आला. तीन पौंडांचा कर, परवाने या जुन्या तक्रारी होत्याच. पण या निकालाने बायका घराबाहेर पडल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबा गांधी सत्याग्रहींच्या तुकडीत निघाल्या, पकडल्या गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरीला गेल्या. तरुण वल्लिअम्मा तुरुंगातून आजारी होऊन बाहेर आली आणि फेब्रुवारी १९१४ मध्ये वारली. अहमद महंमद काछलियांसारखे मुसलमान व्यापारी या लढ्यात आधीपासून तुरुंगात जाऊन आलेले. इकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले, जे १९१२ मध्ये स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले होते, प्रकृती ढासळलेली असताना लढ्यासाठी पैसा गोळा करत होते.

१९१४ मध्ये 'इंडियन्स रिलीफ ॲक्ट' झाला. हिंदी धर्मांच्या रीतीने झालेले लग्न मान्य झाले, पण एकाच बायकोपुरते. हिंदी धर्मगुरूंना विवाह अधिकारी नेमायची तरतूद झाली. तीन पौंडांचा कर गेला. तडजोड होती, दुसऱ्या बायकोचे काय, हा प्रश्न तिथेच सोडला गेला आणि त्या बायकांचे कुणी ऐकले नाही. तरीही एका मौलवीने लावलेला निकाह सरकारने निकाह मानावा, यासाठी आपल्या बायकांनी तुरुंग पाहिला, ही गोष्ट आपल्या मदरशात आणि शाळेत सांगितली जात नाही. मीही वीस वर्षांत वर्गात कधी सांगितली नव्हती.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माझ्याआधी बाई मरियम लायनीत होती." मला ते आवडले.

संशयाचा शेवटचा मोठा थर १९८६ चा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन आप्रवासन खात्याच्या प्रमुखांनी संसदेच्या समितीपुढे सांगितले की लग्नावर आधारित अर्जांतले सुमारे ३० टक्के बनावट असावेत. त्या आकड्यावर कायदा झाला: लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर मिळणारे कार्ड दोनच वर्षांचे, सशर्त, मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. पुढे उघड झाले की ते सर्वेक्षण शास्त्रीय नव्हते, त्यावरून टक्केवारी काढताच येत नव्हती. आकडा गेला, कायदा राहिला. भाचीच्या निकाहला मुलाखतीच्या वेळी पावणेदोन वर्षे झाली होती. व्हिसा मिळताच गेली तर दोन वर्षांनी ती पुन्हा फाइल करणार.

याचा अर्थ खोटी लग्ने नसतात असे मी म्हणत नाही. असतात, आणि त्यात फसते बहुतेक वेळा आपलीच मुलगी. परदेशातल्या मुलाची आधीची बायको, न दिलेला तलाकचा कागद, हे मी माझ्या टेबलावर पाहिले आहे. कागद मागणारा नेहमीच शत्रू नसतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असे कुरआनच्या सूरह बकरामधल्या सगळ्यात लांब आयतीत सांगितले आहे. मग निकाहसारखा करार आपण झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या फॉर्मवर, पंख्याखाली उडणाऱ्या कागदावर, घाईत का लिहितो?

आपल्याकडचा कायदाही याबाबत बराच काळ सैल होता. १८८० च्या काझी कायद्याने सरकार काझी नेमू शकत होते, पण निकाहला तो काझी हवाच असे त्यात नव्हते. मुंबई राज्यात १९५३ मध्ये विवाह नोंदणीचा कायदा आला, महाराष्ट्रात १९९८ मध्ये नवा झाला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितले. तरीही पासपोर्ट काढायची वेळ येईपर्यंत नोंदणीला न जाणारी घरे मला रोज भेटतात.

म्हणून फाइल दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही ती वेगळ्या रीतीने लावली. अमेरिकन जोडप्याकडे संयुक्त बँक खाते, भाडेकरार, विम्यावर नाव असे पुरावे असतात. गावात राहणाऱ्या मुलीकडे ते कुठून येणार? तिच्याकडे जे होते ते लावले: लग्नपत्रिका, हॉलची पावती, नवरा दोनदा येऊन गेल्याची विमानाची तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के, महाबळेश्वरच्या हॉटेलचे बिल, ईदला सासरी काढलेले फोटो, त्याने पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, महिन्यागणिक थोडे थोडे संदेश. हजार पाने नाहीत, तारखेप्रमाणे पन्नासेक. जन्मदाखल्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर तिच्या नावाची स्पेलिंग वेगवेगळी होती, त्याचे प्रतिज्ञापत्र. पोलिसांचा दाखला. नवऱ्याचे आय-८६४, म्हणजे मी हिला पोसू शकतो ही हमी, करपत्रांसह. आणि वर निकाहनामा, काझीसाहेबांचे पत्र, नोंदणीचा दाखला.

एकच गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगितली: काही पाठ करू नकोस. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण.

मुलाखत दहा मिनिटांत झाली. अधिकारी बाईंनी फोटो चाळले आणि विचारले, निकाहच्या फोटोत तुम्ही दोघे एकत्र का नाही? भाचीने सांगितले की आमच्यात निकाहच्या वेळी बायका वेगळ्या बसतात, माझ्याकडून संमती घ्यायला माझे मामू आले होते, कागदावर वकील म्हणून त्यांचेच नाव आहे. त्या बाईंनी माझे भाषांतर उलटून पाहिले, मान हलवली आणि पुढे वलीम्याबद्दल विचारले. मग सांगितले, व्हिसा मंजूर आहे.

रात्री आपाने फोनवर हे सांगितले तेव्हा मला नानी आठवली. नानीच्या निकाहचा एकही कागद आमच्याकडे नाही. गवाह गेले, काझी गेले. तिचा मेहर किती ठरला होता, तो मिळाला की नाही, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. तिला कुठल्या परदेशाने कागद मागितला नाही, म्हणून काही अडले नाही. पण ती हक्काचे मागायला उभी राहिली असती, तर तिच्या हातात काय होते?

दुसऱ्या जुम्याला मी जमातीच्या दफ्तरात एक कागद चिकटवून आलो. त्यावर उर्दूत आणि मराठीत चार ओळी आहेत: नावे पासपोर्ट किंवा आधारप्रमाणे पूर्ण लिहा. निकाह रात्री असेल तर इंग्रजी तारीख त्या दिवसाचीच घाला. मेहर लगेच की उधार, ते अक्षरांत स्पष्ट करा. आणि एक प्रत मुलीच्या हातात द्या.